काकांचा एकच फोन

पद्मजानं सकाळी उठल्या उठल्या मिक्सर लावला, तेव्हाच सुशांतला कळलं की आई आज मोठ्या काकांकडे काहीतरी मागणार आहे.

एरवी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची कामं तिन्ही जावा वाटून घ्यायच्या. गौर बसायची एडिसनला, मोठ्या काकांच्या, म्हणजे शशिकांतकाकांच्या घरी, त्यामुळे आरास अहिल्याकाकूची. पन्हं शिवांगीकाकूकडे, म्हणजे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बाटल्या आणायच्या आणि पाणी घालायचं. आंब्याची डाळ धाकट्या जावेची, पद्मजाची. पण या वर्षी पद्मजानं डाळ तर केलीच, कैऱ्या उकडून पन्हंही केलं, ओटीचे हरभरे भिजवले आणि अहिल्याकाकूला फोन करून सांगितलं की तुम्ही फक्त साडी नेसून उभ्या राहा. डाळ वाटताना ती पुटपुटत होती. मिक्सर थांबला की ऐकू यायचं. भाऊजी, एक विचारायचं होतं. परत मिक्सर. भाऊजी, तुम्ही मनावर घेतलंत तर. परत मिक्सर.

"नको विचारूस आई," सुशांत म्हणाला.

"काय नको विचारू?"

"काका अनयासाठी बोलणारेत. ठरलंय ते."

"तुला काय माहीत? तू काय त्यांच्या खिशात बसला होतास?"

खिशात नाही, पण सोफ्यावर बसला होता. ते त्यानं आईला सांगितलं नाही.

भानगड अशी होती. न्यू जर्सीतल्या ज्या मेडिकल स्कूलमध्ये शशिकांतकाकांनी जन्मभर शिकवलं, रिटायर झाल्यावरही ज्याच्या नावाच्या मगमधून चहा प्यायचे, त्या स्कूलच्या वेटलिस्टवर या वर्षी घरातली दोन मुलं होती. एक सुशांत, एक अनया. अनया मधल्या भावाची, सुमंतकाकांची मुलगी, सुशांतपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिचा हा पहिलाच प्रयत्न होता आणि ओहायोमध्ये तिची ॲडमिशन झालीसुद्धा होती. सुशांतचा तिसरा प्रयत्न. आधीची दोन वर्षं सगळीकडून नकार. या वर्षी दोन वेटलिस्ट लागल्या होत्या, काकांच्या कॉलेजची आणि व्हर्जिनियातल्या एका कॉलेजची. सध्या तो हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये स्क्राइब होता. म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलणार आणि हा मागे उभा राहून ते टाइप करणार. या वेळीही नाही झालं तर बास, परत फॉर्म भरणार नाही, असं त्यानं बाबांना सांगून टाकलं होतं. बाबा, म्हणजे विवेक, तेव्हा टीव्ही बघत होते. त्यांनी फक्त आवाज कमी केला होता.

एप्रिल संपला की ज्यांच्याकडे दोन-तीन सीट असतात त्यांना एक ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात, आणि मग वेटलिस्ट हलतात. म्हणून त्याआधी मुलं कॉलेजांना पत्रं पाठवतात. पत्रं दोन प्रकारची. एकात लिहायचं की मला तुमच्याकडे यायला अजूनही खूप इंटरेस्ट आहे. असं पत्र दहा ठिकाणी पाठवा, कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्यात लिहायचं की तुम्ही सीट दिलीत तर मी नक्की येणार, बाकी सगळं सोडून येणार. ते फक्त एकाच ठिकाणी. कोर्टात कोणी खेचत नाही, पण दोन ठिकाणी तसं लिहिणारा खोटा ठरतो. पद्मजाला हे तिच्या पद्धतीनं लगेच समजलं होतं. "म्हणजे मुलगी पसंत आहे म्हणणं वेगळं आणि सुपारी फोडणं वेगळं," ती म्हणाली होती.

आणि पत्रांच्या वर होता काकांचा फोन. ॲडमिशन कमिटीवर त्यांचा एक जुना मित्र होता. काका म्हणायचे, फोननं सीट मिळत नाही, फाइल परत एकदा वाचली जाते, एवढंच. पण ती परत वाचली जाणं हेच तर सगळ्यांना हवं होतं. काका वर्षाला एकच फोन करायचे, एकाच मुलासाठी, आणि तो मुलगा नक्की जाणारा पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अहिल्याकाकूच्या भाच्यासाठी, देवांगसाठी, फोन केला होता. देवांगला सीट मिळाली आणि तो ती सोडून दुसरीकडे गेला. त्यानंतर कितीतरी महिने तो मित्र काकांचे फोन घेत नव्हता. तेव्हापासून त्या घरात देवांगचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम होता, आणि शिवांगीकाकू तो बरोबर अहिल्याकाकूसमोरच मोडायची.

आता सोफ्याचं. दोन आठवड्यांपूर्वी सुशांत अनयाकडे गेला होता, पत्रं तपासून घ्यायला. जायची अजिबात इच्छा नव्हती. पण ती इथे जन्मलेली, तो चौथीत असताना पुण्याहून आलेला, आणि लिहिताना ते अजून दिसायचं. सुमंतकाकांनी घर घेतलं तेही शशिकांतकाकांच्याच रस्त्यावर, पाच घरं सोडून. अनया लहानपणापासून सायकलवरून त्यांच्याकडे जायची, न विचारता फ्रिज उघडायची, त्यांच्या गराजमध्ये स्वतःची गाडी लावायची. काका तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, वाद घालायचे, हरले की हसायचे. सुशांतशी मराठीत बोलायचे. "काय, बरं चाललंय ना? बाबा काय म्हणतात?" असं. पाहुण्याच्या मुलाशी बोलतात तसं. सुशांतला हे इतकी वर्षं खुपत होतं आणि इतकी वर्षं तो स्वतःला सांगत होता की आपल्याला खुपत नाही.

अनयानं दोन्ही पत्रं वाचली, दोन-चार वाक्यं सरळ केली. चांगली आहेत म्हणाली. ही दोन्ही इंटरेस्टची पत्रं आहेत, म्हणून दोन्हीकडे पाठवू शकतोस. "पण सीट दिली तर येणारच असं कुठे लिहू नकोस, सुशांतदादा. अनलेस यू मीन इट."

तेवढ्यात किचनमधून शिवांगीकाकूचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. "भाऊजी, आपल्या अनयाचं तेवढं बोला हं." आणि काकांचं हसणं. "अगं तिचं बघूच की."

सुशांत लॅपटॉप बंद करून उठला. चहा नको म्हणाला. हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून त्यानं व्हर्जिनियाच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं. सीट दिलीत तर मी नक्की येणार. पाठवून दिलं. काकांच्या कॉलेजला मात्र ते आधीचं गुळमुळीत पत्रच गेलं. घ्या तुमचं कॉलेज, घाला तुमच्या अनयाच्या घशात. अंगात जी काय गरमी आली होती त्या भरात त्यानं अनयालाच मेसेजही टाकला. व्हर्जिनियाला नक्की येतो म्हणून कळवलं. तिला दिसायला पाहिजे होतं की आपल्याला कोणाच्या काकांची गरज नाही. तिचं लगेच उत्तर आलं, "आर यू शुअर?" त्यानं अंगठा पाठवला.

शिफ्ट सुरू होऊन पहिला पेशंट आत यायच्या आधीच त्याला पश्चात्ताप झाला होता. पण अंगठा गेला होता, पत्रही गेलं होतं.

दुपारी एडिसनला पोचले तर रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या. बायका साड्यांच्या निऱ्या उचलून बर्फ नसलेल्या ड्राइव्हवेवरून उगाचच जपून चालत होत्या. आत गौर झोपाळ्यात बसली होती, मागे अहिल्याकाकूनं पैठणीचा पडदा सोडला होता आणि समोर फळांबरोबर ब्लूबेरीची रास. काकांसकट सगळ्या पुरुषांना बेसमेंटमध्ये पाठवलं होतं. सुशांत मात्र पातेलं उचलायला वर थांबला, त्यामुळे त्याला दोन्ही जावांचं ऐकायला मिळालं.

शिवांगीकाकू पन्ह्याच्या बाटल्या घेऊन आली आणि ओट्यावरचं भरलेलं स्टीलचं पिंप बघून थांबली.

"हे काय गं पद्मजा, पन्हंपण तूच? मग मी काय करू?"

"तुम्ही दमता ना वहिनी. सुमंतभाऊजी कामासाठी सांता क्लाराला, सगळं एकटीवर पडतं."

"मी कशाला दमतेय. माझं काय, अनयाचं झालंच आहे. टेन्शन ज्यांना आहे त्यांना आहे."

पद्मजा हसली. सुशांतला ते हसू माहीत होतं. बँकेच्या माणसाशी बोलताना ती तसंच हसायची. त्याला वाटलं, पिंप उचलावं आणि सरळ सिंकमध्ये ओतावं. आपली आई दोन दिवस कैऱ्या किसतेय, आणि कशासाठी, तर एका माणसानं एक फोन फिरवावा म्हणून. आणि तो फोन आधीच दुसरीकडे गेलाय.

अनया हॉलमध्ये बायकांच्या हाताला चंदन लावत होती. हिरवी साडी, केसांत कसलीतरी पिवळी फुलं. प्रत्येक बाई तिला विचारत होती, कुठे जाणार मग, आणि ती हसून म्हणत होती, बघू. हे "बघू" सुशांतला मिरचीसारखं झोंबलं. बघू म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं. त्याला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, वाट बघतोय.

पाहुण्या बायका गेल्या. बेसमेंटमधले त्यांचे नवरेही गेले. घरचे तेवढे उरले आणि सगळे गौरीसमोर कार्पेटवर डाळीचे बाऊल घेऊन बसले. काका त्यांच्या खुर्चीत. विवेक त्यांच्यापासून जरा लांब, कोपऱ्यात, मोठ्या भावासमोर तो नेहमीच असा बसायचा, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. त्याचं ग्रीन कार्ड दादांनी केलं होतं आणि ते तो एकही दिवस विसरला नव्हता.

"डाळ उत्तम झालीये," काका म्हणाले.

पद्मजाला एवढंच पाहिजे होतं. तिनं पदर सारखा केला. "भाऊजी, एक विचारायचं होतं."

शिवांगीकाकू ताबडतोब म्हणाली, "भाऊजींना खाऊ दे गं शांतपणे."

"तिला बोलू दे," अहिल्याकाकू म्हणाली. मोठी जाऊ कोणाच्या बाजूला आहे ते तिथेच कळलं. शिवांगीकाकूनं बाऊल खाली ठेवला.

पद्मजानं विचारलं. जे सकाळी पाठ केलं होतं त्यातलं तिला काहीच आठवलं नाही, ती भलतंच बोलली. म्हणाली की हा रोज घरी येतो आणि बुटात पाय तसाच घालून बसतो, काढत नाही. म्हणाली की मी त्याला विचारतसुद्धा नाही आता. सुशांत कार्पेटकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. विवेक म्हणाला, अगं, दादांना असं अडचणीत नको टाकू. शिवांगीकाकू म्हणाली, पण भाऊजींनी अनयाचं बघतो म्हणून सांगितलंय ना, आता असं ऐन वेळेला. अहिल्याकाकू म्हणाली की बघतो म्हणणं म्हणजे करतो म्हणणं नाही. शिवांगीकाकू म्हणाली, हो, तुमच्या देवांगच्या वेळी मात्र लगेच केला होता. झोपाळ्याची कडी करकरली.

"संपलं तुमचं?" काका म्हणाले. ते चिडले नव्हते. खरं तर जरा खूशच दिसत होते. "मी अजून कोणालाच शब्द दिलेला नाही. एकच प्रश्न विचारणार आहे, दोघांनाही. अनया, त्यांनी सीट दिली तर ओहायो सोडशील?"

"सोडेल म्हणजे काय," शिवांगीकाकू म्हणाली, "घरापासून वीस मिनिटं."

"शिवांगी, मी तिला विचारलं."

अनयानं आईकडे बघितलं, मग काकांकडे. "आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड, शशीकाका."

काका हसले. "मी ते विचारलं नाही."

"आय नो," ती म्हणाली.

शिवांगीकाकूचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसरा कुठला दिवस असता तर सुशांतनं तो पोटभर बघून घेतला असता. पण काका त्याच्याकडे वळले होते.

"सुशांत, तुझं काय? दिली तर येशील?"

"हो," तो म्हणाला. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. खरंच होतं ते. त्याला तिथेच जायचं होतं, पहिल्या वर्षीपासून. त्या बिल्डिंगसमोरून जाताना तो उगाच गाडी हळू करायचा.

पद्मजानं विवेकचा हात धरला. सगळ्यांसमोर. काकांनी चष्मा लावला, बाजूच्या स्टूलवरचा फोन उचलला. "घरीच असेल तो आत्ता," ते म्हणाले, आणि नंबर शोधता शोधता, मान वर न करता म्हणाले, "दुसरीकडे कुठे लिहून दिलं नाहीस ना असं? मला सांगावं लागेल त्याला, की या मुलानं तुम्हालाच शब्द दिलाय, बाकी कोणाला नाही. त्या एका वाक्यावर तो फोन ऐकतो माझा."

सुशांतनं अनयाकडे बघितलं.

ती हरभरे खात होती. खाता खाता थांबली. त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली, बाऊलमध्ये. ती सांगणार नव्हती. त्याला स्वच्छ कळलं की ती कधीच सांगणार नाही, आईलासुद्धा नाही, कितीही भांडण झालं तरी नाही. त्यानं फक्त "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. व्हर्जिनियाला मग माफीचं पत्र लिहिता आलं असतं, मुलं लिहितात, जग बुडत नाही. काकांनी नंबर लावला असता. आई रडली असती. ऑगस्टमध्ये पांढरा कोट.

आणि प्रत्येक चैत्रात अनया इथे याच कार्पेटवर बसलेली असती, हरभरे खात, काही न बोलता. तो काकांबरोबर कॉलेजच्या गप्पा मारत असता तेव्हा ती ऐकत असती. तिच्या लग्नात, त्याच्या लग्नात. त्याचं सगळं डॉक्टर होणं तिच्या गप्प बसण्यावर उभं राहिलं असतं. आतापर्यंत तिच्याकडे जे होतं ते सगळं होतंच, वर आता हेही. ती चांगली आहे, हेही.

खरेपणा वगैरे काही नव्हतं त्यात. त्याला फक्त ते सहन झालं नसतं.

"दिलंय," तो म्हणाला. "व्हर्जिनियाला. दोन आठवडे झाले. नक्की येतो म्हणून लिहिलंय."

काकांचा अंगठा फोनवर तसाच राहिला. पद्मजाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं विवेकचा हात सोडला.

"काय केलंस?"

"आई, मला वाटलं की काका..."

"काय केलंस तू, मला न विचारता?"

विवेक कोपऱ्यातून पुढे आला. इतक्या वर्षांत तो दादांसमोर असा पुढे आलेला सुशांतनं पाहिला नव्हता. त्याचं म्हणणं होतं की मुलगा आहे, व्हर्जिनियाला लिहून टाकेल, चुकून गेलं म्हणून.

"विवेक," काका शांतपणे म्हणाले, "असं पत्र चुकून जात नाही. रागानं जातं, घाईनं जातं. चुकून नाही." मग सुशांतला म्हणाले, "तू आत्ता नाही म्हणाला असतास तर मला कळलं नसतं."

"हो."

"मग का सांगितलंस?"

सुशांतनं हातातला बाऊल खाली ठेवला. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. काकांनी ते काहीतरी मोठं, चांगलं समजून घेतलं असावं, कारण त्यांनी मान हलवली, दोनदा, हळूहळू. त्याची सुशांतला लाज वाटली आणि ती मान त्याला हवीही होती.

शिवांगीकाकू एवढा वेळ कशी थांबली होती देव जाणे. "मग भाऊजी, आता प्रश्नच मिटला. अनया, सांग काकांना नीट. येते म्हणून सांग."

काकांनी अनयाकडे बघितलं. फोन अजून हातातच होता, नंबर समोर.

"नको, शशीकाका," अनया म्हणाली. "मी ओहायोला जातेय. थँक यू, पण नको."

कोणी आणखी डाळ वाढायला आलं आणि आपलं पोट भरलंय, तसं म्हणाली ती. आवाज वरखाली झाला नाही. सुशांतला वाटलं कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकललं. जी गोष्ट सोडताना त्याला एवढं जड गेलं, तिला हिनं एक घास नाकारावा तसं नाकारलं. तिच्याकडच्या सगळ्या गोष्टींचा त्याला हेवा वाटून झाला होता. हे "नको" तेवढं राहिलं होतं.

शिवांगीकाकू मराठीतून सुरू झाली आणि मधेच इंग्रजीत गेली, म्हणजे प्रकरण फार गंभीर. अनयानं ऐकून घेतलं. काकांनी फोन स्टुलावर उलटा ठेवला.

"म्हणजे या वर्षी फोन नाही," ते म्हणाले, जरासे हरवल्यासारखे. तीन घरं त्या फोनसाठी जमली होती आणि शेवटी तो कोणीच घेतला नव्हता.

"चला," अहिल्याकाकू उठली, "डाळ कोणाकोणाला बांधून देऊ?"

सुशांत रिकामं पिंप गाडीत ठेवत होता तेव्हा अनया बाहेर आली, तिची गाडी काढायला. साडी गुडघ्यापर्यंत उचललेली, पायात स्नीकर्स. त्याला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"माझ्यामुळे नको म्हणालीस का?"

"काय?"

"म्हणजे, मला चान्स राहावा म्हणून. एक नाव कमी व्हावं."

ती खरोखरच गोंधळली. कोणी नाटक करत असेल तर कळतं, ती करत नव्हती. "नाही रे. आय वॉजन्ट थिंकिंग अबाऊट यू." मग तिला वाटलं असावं की हे जरा फारच झालं. "म्हणजे सॉरी. पण मला कधीपासून ओहायोलाच जायचं होतं. इथून पाच घरांवर शशीकाका आणि घरात आई, तू राहून बघ."

"मग आधी का नाही सांगितलंस घरी?"

"तू सांगून बघ माझ्या आईला काही," अनया म्हणाली, आणि गाडीत बसली.

इतकी वर्षं तो तिच्याशी शर्यत लावत होता, आणि ती पळतच नव्हती. दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी, पार्किंग लॉटमध्ये त्यानं स्वतःचं कॉलेज जाळून टाकलं तेव्हा, ती बहुतेक जेवत असेल. त्यानं डिकी जोरात आपटली. आतलं पिंप वाजलं.

घरी जाताना तो गाडी चालवत होता. विवेक मागे, डोळे मिटून, जागाच. पद्मजा शेजारी, मांडीवर डाळीचा डबा. ती एडिसनमधून बाहेर पडेपर्यंत बोलली नाही. पुढच्या गावाची, पिस्कॅटवेची पाटी गेली तरी बोलली नाही. सुशांतला वाटलं आता ही दिवाळीपर्यंत बोलत नाही.

"व्हर्जिनियानं दिली तर जाशील?" तिनं विचारलं.

"लिहून दिलंय ना."

"लिहिलेलं राहू दे. ते तू कुणाच्यातरी नाकावर टिच्चून लिहिलंस, मला कळत नाही का. मी आत्ता विचारतेय. जाशील का?"

सिग्नल लाल होता. त्याला ते कॉलेज आठवलं, मुलाखतीच्या दिवशीचं. चढावरचं गाव, त्यात एकच इंडियन स्टोअर, तिथला कढीपत्ता वाळलेला. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याला चर्चच्या बेसमेंटमधल्या फ्री क्लिनिकमध्ये घेऊन गेली होती आणि त्यानं तिथे एका म्हाताऱ्याचं बीपी घेतलं होतं. तो म्हातारा म्हणाला होता, परत येशील का. सुशांतनं त्या पत्रात यातलं काहीच लिहिलं नव्हतं. घाई होती. पण ते सगळं झालं होतं, आणि तिथे कोणालाच त्याचे काका कोण ते माहीत नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला.

"जाईन," तो म्हणाला.

"बघ हं."

"जाईन, आई."

पद्मजानं डबा मांडीवरून काढून पायाशी ठेवला. खिडकीबाहेर बघत राहिली. बराच वेळ ती मनात काहीतरी जुळवत होती, ते त्याला तिच्या बोटांवरून दिसत होतं.

"ओहायोपेक्षा जवळ आहे ना रे ते?"

"बरंच जवळ."

"मग ठीक आहे," पद्मजा म्हणाली, आणि मागे टेकून बसली.